ड्रायरचा आवाज बंद झाला, म्हणजे तो दुरुस्त झाला का?



पावसाळ्यात कपडे वाळवणं म्हणजे काय ताप असतो, हे आपल्या बुलढाण्यात घाटावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात घाटाखाली मलकापूर-खामगावकडे दोरीवर टाकलेला टॉवेल तासाभरात पापडासारखा कडक होतो. श्रावणात मात्र इकडे शाळेचा गणवेश दोन-दोन दिवस ओलाच राहतो. म्हणून तर घरोघरी सेमी ऑटोमॅटिक मशीन आलं. एका बाजूला धुवायचा टब, दुसऱ्या बाजूला पिळायचा. या पिळायच्या टबाला आपण सगळे ‘ड्रायर’ म्हणतो. खरं तर तो काही वाळवत नाही, गरम हवा-बिवा काही नसते त्यात, नुसता गरागरा फिरून पाणी काढतो. पण नाव पडलं ते पडलं.

हा ड्रायर काही वर्षांनी वाजायला लागतो. आमचाही लागला. झाकण लावून बटण फिरवलं की चर्रर्र असा आवाज, आणि थोडा जळकट वास. मी मिस्त्रीला फोन केला आणि म्हटलं, “भाऊ, तेवढा आवाज बंद करून द्या.” तो आला, मागचं कव्हर उघडलं, आत काहीतरी केलं आणि दहा मिनिटांत मशीन गप्प. सासूबाई म्हणाल्या, “चला, सुटला एकदाचा तरास.”

दोनच दिवसांनी माझ्या मुलीने ड्रायरचं झाकण उघडलं आणि नेहमीप्रमाणे ओढणी काढायला हात घातला. टब फिरतच होता. ओढणीचं टोक बोटांना गुंडाळलं गेलं आणि हात आत ओढला गेला. ओढणी जुनी, पातळ होती, टर्रकन फाटली म्हणून बोटं वाचली. आठवडाभर सुजलेली होती. ती रडत एकच वाक्य म्हणत होती, “मम्मी, झाकण उघडलं तरी थांबलंच नाही ना ते!”

मग मी मागचं कव्हर स्वतः उघडलं. शाळेत विज्ञान शिकवते, पण घरातल्या मशीनला कधी पेचकस लावला नव्हता. आत पाहिलं तर मिस्त्रीने ब्रेक तारेने बांधून कायमचा सोडवून ठेवला होता. आवाज ब्रेकचा होता, म्हणून ब्रेकच काढून टाकला! त्या मिस्त्रीला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. मी त्याला ‘दुरुस्त करा’ म्हटलंच नव्हतं, ‘आवाज बंद करा’ म्हटलं होतं. त्याने सांगितलेलं काम केलं.

माझं म्हणणं असं आहे की ड्रायरचा आवाज ही तक्रार नसते, ती माहिती असते. ती ऐकायला आणि मागचं कव्हर उघडून पाहायला घरातल्या प्रत्येकाला आलं पाहिजे. मुलींना आणि बायकांना तर नक्कीच, कारण मशीनजवळ रोज उभ्या त्याच राहतात.

आधी हा ब्रेक कसा चालतो ते समजून घ्या. टबाच्या खाली मोटर असते. मोटर आणि टब यांना जोडणाऱ्या भागावर एक गोल डबी असते आणि तिला लागून ब्रेकची पट्टी. सायकलच्या ब्रेकसारखंच समजा, फक्त उलटं. सायकलचा ब्रेक दाबला की लागतो, इथे ब्रेक एरवी लागलेलाच असतो. तुम्ही झाकण लावता तेव्हा एक वायर ओढली जाते आणि पट्टी बाजूला होते. झाकण उघडलं की वायर सैल पडते, स्प्रिंग पट्टीला पुन्हा डबीवर दाबते आणि टब काही सेकंदांत थांबतो. त्याच वेळी झाकणाजवळचा स्विच मोटरचा करंटही तोडतो. म्हणजे झाकण उघडण्याने दोन कामं होतात. नुसता करंट तुटला आणि ब्रेक लागला नाही, तर पंखा बंद केल्यावर पाती फिरत राहतात तसा टब फिरत राहतो.

आता वायर वापरून वापरून थोडी लांबली, तर झाकण लावल्यावर पट्टी पूर्ण बाजूला होत नाही. घासत राहते. तोच तो चर्रर्र आवाज, तोच जळकट वास. यावर उपाय म्हणजे वायरचा हूक एक भोक पुढे अडकवणं किंवा वायर बदलणं. पट्टी झिजली असेल तर पट्टी बदलणं. आमची वायर बदलली. मोठा खर्च नव्हता, फक्त सुटा भाग मिळवायला दोन चकरा झाल्या.

दहावीच्या मुलांनो, ‘गुरुत्वाकर्षण’ हा धडा उघडा. त्यात अभिकेंद्री बलाचं सूत्र आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. आपण ते घोकतो आणि परीक्षेत लिहून येतो. आता ते ड्रायरला लावून पाहू. टब मिनिटाला १३०० फेरे घेतो असं धरा, सेमी ऑटोमॅटिकचे ड्रायर साधारण एवढे फिरतात. म्हणजे सेकंदाला जवळजवळ २२ फेरे. त्रिज्या १० सेंटिमीटर धरली तर टबाच्या भिंतीचा वेग सेकंदाला सुमारे १३.६ मीटर येतो. ताशी किती? ४९ किलोमीटर! चिखली रोडवर मोटारसायकल ज्या वेगाने जाते, त्या वेगाने टबाची भिंत आपल्या बोटांजवळून जात असते. त्या टबात कुणी हात घालेल का? आपण घालतो, कारण तो थांबेल यावर आपला विश्वास असतो.

तेच सूत्र पुढे नेऊ. टबात एकाच बाजूला २५० ग्रॅमचा ओला कपडा जास्त पडला, तर त्याला गोल फिरवत ठेवायला सुमारे ४६० न्यूटन बल लागतं. हे जवळपास ४७ किलो वजनाइतकं झालं. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. म्हणजे पाव किलोच्या टॉवेलपायी टबाला जवळजवळ एका पोत्याएवढे हिसके बसतात, आणि त्यांची दिशा सेकंदाला २२ वेळा फिरते. मशीन धडधडत न्हाणीघरभर चालायला का लागतं, ते आता कळलं ना? ही धडधड बिघाड नव्हेच. मशीन बंद करा, टब थांबू द्या, कपडे चारही बाजूंना सारखे पसरा, वरून ती प्लास्टिकची जाळीदार चकती दाबून बसवा. शहाबादी फरशी उंचसखल असेल तर मशीनचा एक पाय अधांतरी राहतो, तोही पाहा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच काम भागतं आणि मिस्त्रीला बोलवावंच लागत नाही.

बाकी आवाज थोडक्यात सांगते. टिकटिक किंवा खडखड असेल तर नाणं, शर्टाचं बटण, हेअरपिन असं काहीतरी आतल्या आणि बाहेरच्या टबाच्या मधे पडलेलं असतं. कपडे टाकण्याआधी खिसे पाहायची सवय हाच त्यावरचा इलाज. सारखे कपडे भरूनही टब भिंतीवर आपटत असेल, तर मोटर ज्या स्प्रिंगांवर बसलेली असते त्यांपैकी एखादी मोडली असेल किंवा त्यांचं रबर वाळून फुटलं असेल. टब फिरतच नाही, नुसती गुणगुण येते, तर ब्रेक अडकला आहे, व्होल्टेज फार कमी आहे किंवा कंडेन्सर गेला आहे. बटण लगेच बंद करा, नाहीतर मोटर जळते. आणि खालून उंदीर आत शिरतात, वायरी कुरतडतात, हे तर मला कव्हर उघडल्यावरच कळलं. आत शेंगांची टरफलं निघाली!

घरघर मात्र जरा वेगळी गोष्ट आहे, आणि आपल्या जिल्ह्याशी तिचा जवळचा संबंध आहे. टबातून खाली मोटरीकडे जाणाऱ्या दांड्याभोवती रबराचं सील असतं. ते फाटलं की पाणी थेंबाथेंबाने मोटरीवर पडतं. गोड पाणी असेल तर गंज चढायला वेळ लागतो. पण घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा आहे. तिथल्या विहिरींच्या, बोअरच्या पाण्याने साबणाला फेस येत नाही हे आयाबायांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तेच क्षार लोखंडाला लवकर खातात. बुश गंजतो, दांडा घासतो, घरघर सुरू होते. ती दुर्लक्षित केली की एक दिवस मोटर जाम. माझी तिकडची मावसबहीण म्हणते, “आमच्याइथं मशीन म्हातारं होत नाही वं, डायरेक मरते.” सील वेळेत बदललं तर मोटर वाचते. म्हणून मशीनखाली तेलकट, तांबूस पाणी दिसलं की आवाजाची वाट पाहू नका.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, विजेच्या वस्तूला मुलांनी हात लावायचा का? प्रश्न रास्त आहे. माझ्या घरचे नियम सांगते. प्लग काढून तो समोर डोळ्यांना दिसेल असा ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाणी सगळं सोडून द्यायचं, फरशी कोरडी करायची. कंडेन्सरच्या टोकांना हात लावायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात करंट शिल्लक राहू शकतो. ते काम जाणकाराचं. काहीही सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा. कव्हर उघडं असताना मशीन चालू करायचं नाही, आणि मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय मुलांनी पेचकस घ्यायचा नाही. घराला अर्थिंग आहे की नाही, हेही याच निमित्ताने तपासून घ्या. आपल्याकडे तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच जोडलेली नसते, असं कितीतरी घरांत असतं.

दुसरा आक्षेप माझ्या शेजारच्या काकांनी घेतला. “सगळ्यांनी घरीच दुरुस्ती केली तर मिस्त्रीने खायचं काय?” मला हे पटत नाही. मोटर भरणं, बुश बदलणं, सील बसवणं ही कौशल्याची कामं त्याचीच राहणार. उलट समोरच्याला थोडं कळत असेल, तर ‘वायर बदलू की ब्रेक बांधू’ असं मिस्त्री विचारेल तरी. आणि आजची खरी भीती वेगळीच आहे. “याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या” हे वाक्य मिस्त्रीचं आणि आपलं दोघांचंही नुकसान करतं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. पालकांनी ते एकदा उघडून पाहावं. सुटा भाग मिळत नाही म्हणून धडधाकट मशीन भंगारात घालायला मला तरी जिवावर येतं. मग ते हप्त्यांवर घेतलेलं असो वा रोखीने.

शाळेबद्दलही बोलायलाच हवं. १९३७ साली आपल्या विदर्भातच, वर्ध्याला, गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार देशापुढे मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे, त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकायचं. मग यात मशीनचा मिस्त्री का नको? आपल्या कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं आणि कापसाच्या वाती होतात. वाईट नाही त्यात काही. पण एखादं भंगारातलं मशीन वर्गात आणून मागचं कव्हर उघडलं, तर तरफ, घर्षण, स्प्रिंग, अभिकेंद्री बल, गंज असे निदान पाच धडे एका डब्यात सापडतील. आणि पेचकस मुलींच्या हातात आधी द्यावा असं माझं मत आहे. मुलगे तो न मागताच घेतात.

एक गोष्ट मात्र आजच करा. ड्रायर रिकामा फिरवा, झाकण उघडा आणि टबाला हात न लावता मनात आकडे मोजा. दहा म्हणायच्या आत टब थांबला नाही, तर तुमचा ब्रेक लागत नाही किंवा कुणीतरी तो बांधून ठेवला आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हा गृहपाठ दिला होता. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमचा तर बंद केल्यावर खूप वेळ फिरतो. आई म्हणते, तो आधीपासून तसाच हाय.” मी तिच्या आईला शाळेत बोलावलं नाही, संध्याकाळी पेचकस घेऊन मीच त्यांच्या घरी गेले. ब्रेकची स्प्रिंग तुटून खाली लोंबत होती. ती बदलून होईपर्यंत त्यांनी ड्रायरच्या झाकणावर पाण्याने भरलेली बादली ठेवली, म्हणजे कुणी पटकन उघडू नये म्हणून.