संगीताचा नवा सेट आणि घराचे नेटवर्क

पूर्वी घरात रेडिओ किंवा टेपरेकॉर्डर आला की विजेची पिन लावणे आणि कॅसेट घालणे एवढ्यावर काम भागत असे. संगीत यंत्राच्या पोटातच असे. घरातील अन्य कोणत्याही वस्तूशी त्याचा संबंध नसे. हल्ली जो स्ट्रीमिंगचा सेट हौसेने घरी आणला जातो, त्याच्या पोटात गाणे नसते. गाणे दूरच्या संगणकावरून इंटरनेटने येते, आज्ञा मोबाईलवरून दिली जाते आणि सेट त्या आकड्यांचा आवाज करून देतो. बाहेरून तो ध्वनियंत्र दिसत असला तरी आतून संगणकच आहे. त्यामुळे असा सेट जोडणे म्हणजे दिवाणखान्यात एक वस्तू मांडणे नव्हे, तर घराच्या नेटवर्कमध्ये एक नवा सदस्य घेणे होय.

व्यापारी कुटुंबाच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गांभीर्याने घेण्याजोगी आहे. खाली दुकान आणि वर घर अशी वास्तू आपल्या पेठांतून सर्वत्र आढळते. ब्रॉडबँडची जोडणी एकच असते. त्याच तारेवरून बिले निघतात, जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात, बँकेचे व्यवहार होतात. आणि आता त्याच तारेवरून संगीतही यायचे असते. सेट जोडला जात नाही तेव्हा घाईने केलेला उपाय कोठे जाऊन भिडेल, याचा विचार म्हणूनच आधी करावा लागतो.

सेट अडखळू लागला की पहिला संशय इंटरनेटच्या वेगावर घेतला जातो आणि अधिक महागडा प्लॅन घेतला जातो. येथे थोडे गणित मांडून पाहावे. सीडीच्या दर्जाच्या संगीतात प्रत्येक सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा आणि डावा-उजवा असे दोन मार्ग असतात. गुणाकार 14,11,200 बिट, म्हणजे सेकंदाला सुमारे 1.4 मेगाबिट एवढा येतो. त्याहून बराच वरचा मानला जाणारा 24 बिट आणि 192 किलोहर्ट्झचा दर्जा घेतला, तरी आकडा 9.2 मेगाबिटच्या आसपास राहतो. आणि प्रत्यक्षात हे संगीत दर्जा न गमावता आणखी आवळून पाठविले जाते. ज्यांच्याकडे 50 किंवा 100 मेगाबिटची जोडणी आहे, त्यांचा दोष बहुधा वेगात नसतो. तो घराच्या आतच असतो.

घरातील सर्वांत सामान्य दोष दोन राउटरांचा आहे. ब्रॉडबँड कंपनीची पेटी दुकानात बसविलेली असते आणि तिच्यातच एक राउटर असतो. वरच्या मजल्यावर वाय-फाय पोहोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणून तारेने जोडला जातो. दोन्ही राउटर आपापल्या परीने साधनांना पत्ते वाटू लागतात. खालच्या साधनांचे पत्ते 192.168.1 ने आणि वरच्यांचे 192.168.0 ने सुरू होत असतील, तर घरात दोन वेगळी नेटवर्क झाली आहेत असे समजावे. सेट वरच्या राउटरला जोडलेला, फोनने मात्र सवयीने खालचे वाय-फाय पकडलेले. दोघांनाही इंटरनेट मिळते, परंतु फोनमधील ॲपला सेट दिसत नाही. दोष सेटचा समजून तो दुकानदाराकडे परत नेला जातो. तेथे तो पहिल्या झटक्यात वाजतो आणि उभय पक्षी मन कलुषित होते.

ह्यावर एक सोपा उपाय सर्रास सुचविला जातो: वरच्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम बंद करून त्याला केवळ वाय-फाय पसरविण्याच्या कामाला लावावे, म्हणजे सारे एकाच नेटवर्कमध्ये येतील. संगीतापुरता हा उपाय अचूक आहे. परंतु त्यामुळे दुकानाचा हिशेबाचा संगणक, मुलांचे खेळ, टीव्ही, कॅमेरे आणि पाहुण्यांचे फोन एकाच पंगतीला बसतात. त्यांपैकी एखाद्या साधनात घातक प्रणाली शिरली, तर तिला हिशेबाच्या संगणकापर्यंतची वाट मोकळी होते. गाण्याच्या सोयीसाठी गल्ल्याची खोली उघडी टाकावी, असा हा सौदा आहे.

दोन राउटर तसेच ठेवले म्हणजे दुकान सुरक्षित राहिले, असेही मानू नये. एकामागे एक जोडलेल्या अशा राउटरांत खालून वर जाण्याची वाट बंद असते. वरून खाली येण्याची वाट सामान्यतः खुली राहते. म्हणून सेट आणण्यापूर्वीच कोणी कोठे बसावे हे ठरवावे. घरचे फोन आणि संगीताचा सेट एका नेटवर्कमध्ये. दुकानाचा संगणक व बिलाचे यंत्र दुसऱ्या, पूर्णपणे विलग नेटवर्कमध्ये. त्यासाठी दुकानाची स्वतंत्र जोडणी घ्यावी, अथवा जाणत्या तंत्रज्ञाकडून एकाच जोडणीवर दोन विलग नेटवर्क करून घ्यावीत. पाहुण्यांसाठी राउटरमधील गेस्ट वाय-फाय. सेट मात्र गेस्ट वाय-फायवर ठेवू नये. तेथे साधने एकमेकांना दिसू नयेत अशीच योजना बहुधा असते, त्यामुळे फोनला तो सापडणारच नाही.

एवढी मांडणी झाली की जोडणीचे काम खात्यांचा ताळमेळ घ्यावा तसे क्रमाने करावे. प्रथम त्याच वाय-फायवर फोनला इंटरनेट मिळते का, हे मोबाईल डेटा बंद करून पाहावे. मग सेटला मिळालेला पत्ता पाहावा. तो 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही. पासवर्ड, वाय-फायचे नाव किंवा तार तपासावी. पत्ता 192.168 ने सुरू होत असेल, तर फोनचा पत्ता त्याच मालिकेतील आहे का हे पाहावे. तोही जुळत असेल आणि तरीही सेट दिसत नसेल, तर फोनमधील व्हीपीएन बंद करावे आणि ॲपला स्थानिक नेटवर्क पाहण्याची परवानगी दिली आहे का हे तपासावे. आयफोनमध्ये ही परवानगी 2020 पासून स्वतंत्रपणे द्यावी लागते. काही जुन्या सेटना केवळ 2.4 गिगाहर्ट्झचे वाय-फाय कळते, तर काहींना नवी डब्ल्यूपीए3 ही सुरक्षापद्धती उमगत नाही. अशा वेळी राउटरमध्ये डब्ल्यूपीए2 व डब्ल्यूपीए3 ही मिश्र पद्धत निवडावी. पासवर्ड काढून टाकण्याचा मार्ग कदापि पत्करू नये. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे दोष कोठे होता ते कळते.

सेट जोडला गेला, पण गाणे मध्येच तुटते, ही तक्रार निराळी. तिचे मूळ बहुधा भिंतीत असते. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असल्या तरी जाड भिंतीपुढे लवकर थकतात, 2.4 गिगाहर्ट्झच्या दूर जातात, परंतु शेजाऱ्यांचे वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन त्यांत व्यत्यय आणतात. लोखंडी कपाटामागे ठेवलेला राउटर कितीही भारी असला तरी निष्प्रभ ठरतो. सेटच्या मागे तारेसाठी जागा असेल, तर सरळ नेटवर्कची केबल ओढावी. ही केबल 100 मीटरपर्यंत चालते आणि एका घराला एवढी लांबी पुरून उरते. भिंतींना रंग देण्याचे काम निघाले असता ती नळीतून घालून घेतल्यास नंतरची तोडफोड वाचते.

राउटरसोबत आलेला मूळचा प्रशासकीय पासवर्ड बदलावा. बटण दाबून अथवा आठ अंकी पिन देऊन जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोय बंद ठेवावी. तिच्या पिनमधील उणीव 2011 मध्येच उघड झाली आहे. सेटसाठी कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा वेळोवेळी घ्याव्यात.

शेवटची बाब कौटुंबिक आहे. हे सारे बहुधा घरातील मुलगा, सून किंवा नातू करून देतात. पुढे ते शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी जातात. एके दिवशी राउटर बदलला जातो आणि संगीत थांबते. आजी-आजोबा महिनोन्महिने त्या मुक्या सेटकडे पाहत बसतात, कारण फोन करून मुलांना त्रास द्यावा असे त्यांना वाटत नाही. म्हणून जोडणी झाली त्याच दिवशी एका कागदावर वाय-फायचे नाव, पासवर्ड, कोणते साधन कोणत्या नेटवर्कमध्ये आहे आणि बंद पडल्यास काय कोणत्या क्रमाने सुरू करावे (प्रथम कंपनीची पेटी, मग राउटर, शेवटी सेट) हे स्वच्छ मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावे. तो कागद दागिन्यांच्या पावत्यांसोबत कपाटात ठेवावा आणि आजोबांकडून सेट एकदा बंद करवून, त्यांच्याच हातांनी पुन्हा सुरू करवून घ्यावा.