"रेणू तोच ना, मग झालं!" असं म्हणणाऱ्यांसाठी

1998 साली ॲबट कंपनीला एचआयव्हीवरच्या रिटोनाविरच्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. भेसळ नव्हती, रेणूही तोच होता. पण त्याचे स्फटिक अचानक वेगळ्या रूपात बनायला लागले आणि ते नीट विरघळेनात. न विरघळणारं औषध पोटात जाऊन काय उपयोग? रुग्णांना घाणेरड्या चवीचं पातळ औषध पिऊन दिवस काढावे लागले.

आपल्याकडे हा विषय गाजला तो 2013 च्या ग्लिव्हेक निकालात. इमॅटिनिबच्या बीटा स्फटिकरूपाला सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं, आणि योग्यच केलं. पण म्हणून रूपाने काही फरक पडत नाही, असा सोयीचा अर्थ काढू नका. कोर्टाने मक्तेदारी नाकारली, तपासणी माफ केली नाही.

आता सलग उत्पादनाचा बोलबाला आहे. एका टोकाने कच्चा माल आत, दुसऱ्या टोकाने गोळ्या बाहेर, मध्ये थांबणं नाही. चांगलंच आहे. पण तापमान किंवा द्रावकाचं प्रमाण हललं, तर नको ते रूपही न थांबता पुढे वाहत राहतं. म्हणून स्फटिक चालू लाइनवरच बघायला हवेत आणि बिघडलेला माल तिथेच बाजूला काढायला हवा. त्यासाठी रामन प्रोब वापरतात. ज्यांच्या नावाने तो चालतो, ते सी. व्ही. रामन आपलेच!

तेव्हा औषधखरेदीच्या टेंडरमध्ये नुसता दर बघू नका. स्फटिकरूप कुठे आणि कधी तपासलं, हेही लेखी मागा.