शिरखुर्मा पाठवायला शेजार लागतो

रमजान सुरू झाला की शहरात इफ्तारची निमंत्रणं फिरू लागतात. सगळ्या धर्मांची माणसं एका दस्तरखानावर बसतात, खजूर पुढे करतात, फोटो निघतात. ईदला आमच्याकडून शिरखुर्म्याचे डबे जातात, दिवाळीला तेच डबे फराळ भरून परत येतात. हे चांगलंच आहे. पण डबा शेजारी पाठवायचा तर आधी शेजार हवा, आणि शेजार मिळायला घर मिळावं लागतं.

उर्दूत शेजाऱ्याला ‘हमसाया’ म्हणतात; एकाच सावलीत राहणारा. मराठीत ‘शेजारधर्म’ आहे. तरीही भाड्याच्या घरासाठी फोन केला आणि नाव सांगितलं की पलीकडचा आवाज बदलतो. ‘खोली कालच गेली.’ ‘फक्त शाकाहारी कुटुंबाला द्यायची आहे.’ ‘आमचं काही नाही हो, सोसायटी ऐकत नाही.’ स्पष्ट नकार कुणी देत नाही. एकेक कारण सुटं पाहिलं तर खरंही वाटतं; खोली कालच गेलीही असेल. म्हणून नकार मिळणाऱ्याला तक्रार करता येत नाही आणि देणाऱ्याला आपण काही वावगं केलं असं वाटत नाही.

मग खरं-खोटं कळायचं कसं? मोजून. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी अभ्यासक पॉल अॅटवेल यांनी तेच केलं. वर्तमानपत्रांत आलेल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. बदललं ते फक्त नाव. २००७ साली निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत होकाराची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश भरली. पुढे थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांसाठी फोन लावून पाहिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत फोनवर सुमारे १८ टक्के दलितांना आणि सुमारे ३१ टक्के मुस्लिमांना साफ नकार मिळाला. उच्चवर्णीय नावाला नकार जवळपास नव्हताच.

बाई असेल तर ओझं दुप्पट. २०२२ मध्ये लेडबाय फाउंडेशनने एकाच योग्यतेचे दोन बायोडेटा १,००० नोकऱ्यांसाठी पाठवले. एकावर नाव प्रियांका शर्मा, दुसऱ्यावर हबीबा अली. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून प्रतिसाद आला, हबीबाला १०३ ठिकाणांहून.

या आकड्यांचा पुढचा भाग मला वर्गात दिसतो. हुशार मुलगी पदव्युत्तर होते, अर्ज करत राहते, बोलावणं येत नाही. दोन वर्षांनी घरातले म्हणतात, ‘शिकून काय झालं? आता लग्नाचं बघू.’ धाकट्या बहिणीला बारावीनंतर बसवण्यासाठी तोच दाखला दिला जातो. मुस्लिम घरं मुलींना बाहेर पडू देत नाहीत, असं सहज म्हटलं जातं. काही घरांबाबत ते खरंही आहे. पण बाहेरचं दार उघडत नाही, तेव्हा घरातला अडसर लावणाऱ्याच्या हाताला बळ मिळतं, हेही तितकंच खरं.

इन्साफ मागायचा तर स्वतःच्या गल्लीतही पाहावं लागतं. आमच्या मोहल्ल्यातही एकट्या नोकरदार किंवा तलाक झालेल्या बाईला खोली मागताना आधी विचारलं जातं, ‘सोबत कोण आहे?’ तिचा पगार, तिचा स्वभाव नंतर. धर्म तिचा-माझा एकच असतो. नकाराची तऱ्हाही तीच असते.

कायद्याचं काय? राज्यघटनेचं पंधरावं कलम मुख्यतः सरकारला बांधतं. खासगी घरमालकापर्यंत ते पोहोचत नाही. एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा संस्थेचा नियम मान्य केला. पण २०१७ चा एचआयव्हीविषयक कायदा आणि २०१९ चा तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा, दोन्हींत भाड्याचं घर नाकारण्यावर स्पष्ट बंदी आहे. म्हणजे असं कलम लिहिणं संसदेला जमतं. २००६ च्या सच्चर समितीने समान संधी आयोग सुचवला, २००८ मध्ये माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने त्याचा मसुदाही दिला. कायदा मात्र झाला नाही.

तो होईल तेव्हा होवो. तोवर दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. घर भाड्याने देताना प्रत्येकाला तेच प्रश्न विचारा: भाडं परवडेल का, अनामत, करार, पोलीस पडताळणी. हिशोब जुळला तर किल्ली द्या. आणि तुमचं दुकान, दवाखाना, शाळा, कारखाना असेल, तर आलेल्या अर्जांवरची नावं एकदा कागदाने झाकून फक्त पात्रता वाचा. बोलवायची यादी तयार झाल्यावरच कागद काढा. मागच्या वर्षीच्या यादीशी ती ताडून पाहा.