चोरीची किल्ली

चोरीचा धोटा मागावर चढवायला आमच्या कबनूरचा कारखानदार धजणार नाही. पण शाळेच्या दहा संगणकांवर चोरीचं ऑफिस चढवताना कुणालाच काही वाटत नाही. ‘सर, सगळेच करतात!’ कॉपी पकडली की मुलंही हेच म्हणायची.

रीतसर मार्ग आहे. संस्थेला एकत्र परवाना मिळतो. केएमएस पद्धतीत संस्थेचाच एक सर्व्हर बाकीच्या संगणकांवरचं ऑफिस चालू करून देतो. प्रत्येकाने १८० दिवसांच्या आत त्याच्याकडे पुन्हा हजेरी लावायची. चोरीची साधनं याच सर्व्हरचं सोंग घेतात. ती बसवायला आधी अँटिव्हायरस बंद करायचा. म्हणजे आपणच कडी काढून चोराला आत घ्यायचं!

पैसे नसतील तर लिबरऑफिस घ्या. २०१० पासून ते फुकट मिळतं, मराठीतही आहे, किल्लीची भानगडच नाही. केरळच्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवतात. जुन्या फाइलींची मांडणी कधीकधी विस्कटते, हे मान्य. ती बसून नीट करता येते. मुलांना लागलेली सवय तशी नीट करता येत नाही.

असो. तुमच्या संस्थेत कोणती किल्ली आहे, एकदा विचारून बघा.