कव्हरवर चेहरे कशाला?

आमच्या म्युझिक प्रोजेक्टमध्ये चार गाणी आणि अल्बमचं कव्हर, दोन्ही द्यायचंय. कव्हर काय, तर गॉगल लावलेले आम्ही पाच जण, हॉस्टेलच्या गच्चीवर! चार विरुद्ध एक मतांनी ठरलंसुद्धा. तो एक म्हणजे अस्मादिक.

जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा १९७९ चा 'अननोन प्लेझर्स' बघा. पुढच्या बाजूला ना फोटो, ना बँडचं नाव. काळ्यावर पांढऱ्या रेघांचा नुसता ग्राफ. १९६७ साली सापडलेल्या पहिल्या पल्सारचे रेडिओ पल्स एकाखाली एक मांडलेत. मूळ आकृती पांढऱ्यावर काळी होती, डिझायनर पीटर सॅव्हिलने ती उलटी केली. (आपण असले ग्राफ जर्नलमध्ये चिकटवून विसरतो, ते सोडा.) पण नीट बघितलं की गंमत कळते. हा तारा दर १.३४ सेकंदांनी ठोका देतो, अगदी घड्याळासारखा. तरी एक रेघ दुसरीसारखी नाही. आमचा ड्रमर चांगल्या दिवशी हेच तर करतो! म्हणजे ते कव्हर चक्क ऐकू येतं.

चेहऱ्यांशी माझं वैर नाही. बीटल्सच्या १९६९ च्या 'ॲबी रोड'वर पुढे नाव नाही, नुसते चौघे रस्ता ओलांडताहेत. पण त्यांना जग ओळखत होतं. आम्हाला आमच्या विंगपलीकडे कोण ओळखतं? आणि रात्ररात्र जागून मिक्सिंग करणारा आमचा सहावा गडी त्या फोटोत नाहीच. तो म्हणतो, "चालतं रे."

मला नाही चालत. फोटो परवा काढायचाय, आणि मी अजून गॉगल आणलेला नाही.