गॅस संपत नसतो!

एप्रिल उजाडला की नागपुरात दोन गोष्टींची टंचाई सुरू होते. एक पाणी आणि दुसरा एसीवाला. पाण्याचा निदान टँकर तरी येतो. एसीवाला फोनवर "हो ताई, संध्याकाळपर्यंत पोचतोच" म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी उगवतो. आल्यावर झाकण उघडायच्या आधीच त्याचं निदान तयार असतं : "गॅस संपला आहे. भरावा लागेल."

मित्रहो, या एका वाक्यावर दर उन्हाळ्यात किती रुपयांची उलाढाल होत असेल, देव जाणे. माझा आक्षेप नेमका याच वाक्यावर आहे. कारण एसीतला गॅस संपत नसतो!

गॅस म्हणजे काही स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे, की चालवलं आणि जळून गेलं. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच तो गॅस गोल गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, बारीक नळीतून पुढे आला की दाब एकदम पडतो, आणि मग खोलीतल्या कॉइलमध्ये खोलीची उष्णता पिऊन त्याची पुन्हा वाफ होते. नळ्या शाबूत असतील तर कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरायला हवा. कमी झाला असेल तर तो कुठून तरी निसटला. म्हणजे विचारायचा प्रश्न "किती घ्याल?" हा नाही, तर "कुठून गेला?" हा आहे. हा प्रश्न विचारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, यावरून मेकॅनिक कसा आहे ते अर्धं कळतं.

आमच्याच घरी दीड टनाच्या एसीत सलग तीन उन्हाळे गॅस भरला गेला. दर वेळी माणूस वेगळा, दर वेळी अडीच हजारांच्या आसपास, आणि पावती एकाचीही नाही. चौथ्या वर्षी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी आधी फिल्टर बघितला, मग बाहेरच्या युनिटचा फॅन, मग गेज लावलं. शेवटी साबणाचा फेस घेऊन एकेका जोडावर बोट फिरवत बसले. बाहेरच्या युनिटजवळच्या नटावर बुडबुडे आले. म्हणजे गॅस तीन वर्षं तिथून निवांत जात होता. त्यांनी नळीचं टोक कापून पुन्हा फुलवलं, नट आवळला, नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघितलं, व्हॅक्यूम पंप लावून अर्ध्या तासाच्या वर थांबले, आणि मगच सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून युनिटच्या पट्टीवर लिहिलेलं असतं तेवढाच गॅस मोजून सोडला. बिल अर्थातच आधीच्या तिघांपेक्षा जास्त होतं. संध्याकाळी घरात चर्चा काय? "यानं जरा जास्तच घेतले!"

माझ्या मते खरं दुखणं इथे आहे. आपण गॅसचे पैसे देतो, कामाचे देत नाही. सिलिंडर दिसतो, त्याची किंमत पटते. साबणाचा फेस लावून बसलेला माणूस मात्र आपल्याला टाइमपास करतोय असं वाटतं. मग त्यानं तरी गळती का शोधावी? शोधली तर वेळ जातो, पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक जातं, आणि वर घासाघीस. नाही शोधली तर तासाभरात तीन घरं होतात. लबाड मेकॅनिक आकाशातून पडत नाहीत हो!

व्हॅक्यूमचं एवढं काय कौतुक, असं विचाराल. नळीत हवा राहिली की तिच्याबरोबर ओल राहते. ती ओल बारीक नळीच्या तोंडाशी गोठू शकते, आणि तेलाशी मिळून आम्ल तयार करते, ते कॉम्प्रेसरला आतून खातं. ओल पुसून काढता येत नाही, तिची वाफच करावी लागते. पंचवीस अंशांना पाणी उकळायचं तर दाब वातावरणाच्या जवळजवळ तिसाव्या भागापर्यंत खाली आणायला हवा. पंपाशिवाय हे होणं शक्य नाही. पण पंप जड, तो जिन्यावरून वर न्यायचा कुणी? म्हणून थोडा गॅस सोडूनच आतली हवा ढकलून काढायची, असा शॉर्टकट सर्रास चालतो. बसवताना हा शॉर्टकट झाला की त्याचं बिल तीन-चार वर्षांनी "कॉम्प्रेसर गेला" या नावानं येतं, आणि तोवर बसवणारा कोण होता हेही कुणाला आठवत नाही.

आणि आता हा नुसता पैशांचा प्रश्न राहिलेला नाही. जुन्या एसींमध्ये आर-२२ असायचा. तो ओझोनच्या थराला मारक, पण पेट न घेणारा. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारातून सुरू झालेल्या वेळापत्रकानुसार तो हद्दपार होतोय. भारतासाठी त्याची मुदत, सर्व्हिसिंगपुरता थोडासा वाटा सोडला तर, २०३० ची आहे. त्याच्या जागी आलेल्या एसींमध्ये बहुतेक ठिकाणी आर-३२ असतो. त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, आणि तो सौम्य का होईना, ज्वालाग्राही आहे. काही एसींमध्ये तर आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेन. अशा यंत्रावर ज्याचा हात फक्त आर-२२ वर बसलाय असा माणूस, गॅस पूर्ण न काढता, बंद खोलीत ब्रेझिंगची ज्योत घेऊन उभा राहिला तर काय होईल ते सांगायला नको. त्याहून भयंकर म्हणजे नायट्रोजनचा सिलिंडर नाही म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन भरून दाब तपासणं. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. तुमच्या घरी कुणी हे करताना दिसलं तर काम तिथल्या तिथे थांबवा, भिडेखातर गप्प बसू नका.

हवेत सोडलेल्या गॅसचाही हिशेब आहे. एक किलो आर-२२ हवेत गेला तर शंभर वर्षांच्या मोजमापानं सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी तापवण्याची ताकद. आर-४१०ए असेल तर दोन हजारांच्या वर, आर-३२ असेल तर पावणेसातशेच्या घरात. आमच्या घरातून तीन वर्षं काय काय गेलं ते मी अजून मोजलेलं नाही, मोजायची हिंमत नाही म्हणा!

मग चांगला माणूस शोधायचा कसा? पहिलं म्हणजे एप्रिलमध्ये शोधायचा नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आचारी शोधण्यातला हा प्रकार आहे. डिसेंबर-जानेवारीत त्यांना काम कमी असतं, तेव्हा सर्व्हिसिंगला बोलवा, काम बघा, नंबर ठेवा. वॉरंटी चालू असेल तर अर्थात कंपनीचाच माणूस, नाहीतर वॉरंटीवर पाणी. पण ती संपल्यावर मला तरी जवळच्या दुकानदारावर जास्त भरवसा वाटतो. त्याला रोज आपल्याच फाटकावरून जायचं असतं. आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स केलाय का, हे सरळ विचारावं, त्यात अपमान काही नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं शीतकरणाचा कृती आराखडा काढला, त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. तेव्हा प्रमाणपत्र दाखवा म्हणणं आगाऊपणाचं नाही. पण कागदापेक्षा पिशवी बघा. पंप, वजनकाटा आणि गेज बरोबर आणलंय का? "पंप लागत नाही ताई" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. काम झाल्यावर पावतीवर गळती कुठे होती आणि गॅस किती ग्रॅम भरला ते लिहून घ्या. आणि कृपा करून गळती शोधण्याची वेगळी मजुरी आनंदानं द्या.

शिवाय प्रत्येक वेळी दोष गॅसचाच असतो असंही नाही. फिल्टर धुळीनं माखलेला, बाहेरचं कॉइल कबुतरांच्या पिसांनी बुजलेलं, किंवा कपॅसिटर गेलेला. कपॅसिटर गेला की बाहेरचं युनिट नुसतं गुणगुणतं आणि आपल्याला सांगितलं जातं की कॉम्प्रेसर बसला. काहीशे रुपयांचं काम दहा हजारांवर जातं ते असं. (कपॅसिटर स्वतः उघडून बघू नका, बंद असला तरी त्यात चार्ज असतो. आपण इंजिनियर होणार म्हणून तो आपल्याला सोडणार नाही.)

कूलरच्या बाबतीत आपली अशी फसवणूक का होत नाही? विदर्भात प्रत्येक घरात कुणालातरी ताट्या बदलता येतात, पंप साफ करता येतो. कूलर आपल्याला कळतो, म्हणून कूलरवाला आपल्याशी सरळ बोलतो. एसी आपण विकत घेतला, पण समजून घेतला नाही.

हिवाळ्यात हाच खेळ गिझरचा. आपल्याकडे घर तापवायची पद्धत नाही, पाणी तापवलं की झालं. त्यात गॅस गिझर तापवतो चटकन, म्हणून लोकांना आवडतो. पण बंद बाथरूममध्ये तो जळत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीला गेलेलं माणूस परत आलं नाही, अशा बातम्या थंडीत वाचतोच आपण. तिथेही परीक्षा तीच. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये "ताई, इथे मी गॅस गिझर बसवणार नाही" असं सांगून स्वतःची मजुरी सोडणारा माणूस भेटला तर त्याचा नंबर देव्हाऱ्याशेजारी लिहून ठेवावा!

आता थोडं आपल्याबद्दल. मेकॅनिकलच्या मुलांना रेफ्रिजरेशन विषय असतो. दाब-एन्थाल्पीच्या आकृतीवर आपण चारही बिंदू डोळे मिटून काढतो, सी.ओ.पी. काढतो, पेपरमध्ये चौदा मार्कांचं गणित सोडवतो. पण त्यातल्या किती जणांना तांब्याच्या नळीचं टोक न चिरता फुलवता येतं? मला नाही येत. आणि ज्याला येतं तो चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर, कमरेला दोर नाही, एका हातानं ग्रील धरून दुसऱ्या हातानं चाळीस किलोचं युनिट सरकवतो, आणि त्याला आपण "ए भैया" म्हणतो. बिल्डर युनिटसाठी नुसतं जाळीचं स्टँड ठोकून मोकळा होतो, माणूस तिथे उभा कुठे राहील हा विचार आराखड्यात नसतोच. आपल्यातलेच काही उद्या ते आराखडे काढणार आहेत.

आपल्या आर.ए.सी. लॅबमध्ये दोन व्हॅक्यूम पंप, एक मायक्रॉन गेज आणि गळती शोधायचा डिटेक्टर कपाटात आहे. परीक्षा झाल्या की जूनपर्यंत त्या कपाटाला कुलूप, आणि नेमकं त्याच महिन्यांत शहराला ते सामान हवं असतं. माझी सरांना विनंती आहे की फेब्रुवारीत, सीझन सुरू व्हायच्या आधी, चार शनिवार लॅब आसपासच्या मेकॅनिकांसाठी उघडी ठेवावी. आर-३२ हाताळायचे नियम आपण त्यांना सांगू, व्हॅक्यूम गेजवर बघून कसा मोजायचा ते दाखवू. आणि ते आपल्याला नळी फुलवायला शिकवतील. आमच्या गल्लीतल्या काकांना मी विचारून आले आहे. ते म्हणाले, "चहा असेल तर येतो."