रॅपचं वावडं कशाला?

सार्वजनिक ग्रंथालयानं रॅपचे अल्बम निवडून ठेवावेत आणि वाचकाला ते बसून ऐकता यावेत, असं कुणी सुचवलं तर आपल्याकडे त्यावर वाद होत नाही, हसू होतं. महाडच्या खाडीपट्ट्यातल्या तुडीलसारख्या गावासाठी ही सूचना असेल तर हसू जरा मोठंच. रॅप म्हणजे बडबड, तीही शिवराळ. ती आली अमेरिकेतून. ग्रंथालय असतं ग्रंथांसाठी. आणि ज्याला ऐकायचंय त्याच्या खिशात फोन आहेच. यातला शेवटचा आक्षेप गंभीर आहे. बाकीचे आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्याच कपाटांतली पुस्तकं नीट पाहिलेली नाहीत, एवढंच मला त्यांतून दिसतं.

ग्रंथालय ग्रंथांसाठी, हे वाक्य आधी तपासू. नरवीर तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. त्यांच्यावरचा तुळशीदासाचा पोवाडा आज कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात छापील मिळतो. पण तो ग्रंथ म्हणून जन्माला आला नव्हता. तो गोंधळ्यांच्या तोंडी पिढ्यानपिढ्या टिकला. हॅरी ॲकवर्थ हा इंग्रज सनदी अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी असे पोवाडे गाणाऱ्यांकडून मिळवून १८९१ साली छापले, म्हणून ते कपाटात आले. ज्यांच्या मागे असा ॲकवर्थ उभा राहिला नाही, त्यांचं काय झालं? २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि ती चळवळ पुढे गावोगाव पोचली ती भाषणांइतकीच गाण्यांतून. भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादा कर्डकांची गाणी गायकांच्या वह्यांत आणि ऐकणाऱ्यांच्या कानांत जगली. ग्रंथालयांनी त्यांची दखल घ्यायला फार उशीर केला. तेव्हा ग्रंथालय नेमकं काय सांभाळतं? शब्द सांभाळतं. ते कागदावर आहेत की ध्वनिमुद्रणात, हा साठवणीचा प्रश्न झाला.

इथेच रॅपचे उत्साही कैवारी एक घाई करतात. ‘पोवाडा म्हणजे आपला रॅपच’ असं म्हणून ते मोकळे होतात. मला हे समर्थन मान्य नाही. पोवाडा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पराक्रमाचा असतो आणि त्याला आश्रयदाता असतो. रॅपर स्वतःच्या नावानं, स्वतःच्या वस्तीबद्दल बोलतो. रॅपची वंशावळही वेगळी आहे. जमैकातून न्यूयॉर्कला आलेल्या कूल हर्कनं ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉन्क्समधल्या एका इमारतीत, बहिणीनं भरवलेल्या पार्टीत, तबकड्यांवरचे तालाचे तुकडे लांबवून वाजवले. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. त्याचा शाहिरीशी संबंध नाही आणि ओढूनताणून जोडायची गरजही नाही. नातं शोधायचंच तर ते ऐकणाऱ्याच्या बाजूनं आहे. कोकणात शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात दोन शाहीर समोरासमोर येतात, गण-गवळण आटोपली की सवाल टाकतात, जवाब नीट आला नाही तर भर सभेत टर उडवतात; आणि रात्रभर बसलेला श्रोता यमक कुठे जुळलं, पुराणाचा दाखला कुठे चुकला, हे बरोबर पकडतो. ज्या मुलुखाचा कान असा तयार आहे, तिथे वेगानं आलेल्या जोडयमकाला आणि खोचक प्रत्युत्तराला दाद कशी द्यायची हे शिकवावं लागणार नाही. ‘तुडीलमध्ये हे कोण ऐकणार’ या शंकेचं उत्तर यात आलं.

आता शिव्यांचं. नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ १९७२ चं. त्यातली भाषा वाचून नाकं मुरडणारे तेव्हा कमी नव्हते; विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि पुढे तेच पुस्तक विद्यापीठांत अभ्यासलं गेलं. पेशवाईतल्या शाहिरांच्या शृंगारिक लावण्या तर आपण वाङ्मयेतिहासात सन्मानानं बसवल्या आहेत. अमेरिकेत १९९० साली ‘टू लाइव्ह क्रू’ या गटाचा एक अल्बम न्यायालयानं अश्लील ठरवला, तो विकणाऱ्या दुकानदाराला अटकही झाली. १९९२ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निर्णय फिरवला. मला स्वतःला तो अल्बम ग्रंथालयात ठेवण्याच्या लायकीचा वाटत नाही, पण ते त्याच्या शब्दांच्या दर्जामुळे, शिव्यांमुळे नव्हे. या आक्षेपाचा एक भाग मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. बाईला वस्तू समजणारा, गाडी-दारू-पैसा यापलीकडे न जाणारा रॅप भरपूर आहे आणि तोच जास्त वाजतो. पण हे निवड करण्याचं कारण झालं, दार बंद करण्याचं नव्हे. सवंग कादंबऱ्या निघतात म्हणून आपण कादंबरीचं कपाट काढून टाकत नाही.

निवडीपाशी आलो की फोनचा आक्षेप हाती घेता येतो. फोनवर सगळं आहे, हे खरं नाही. ‘डे ला सोल’ या गटाचा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हा १९८९ चा अल्बम हिप-हॉपच्या इतिहासातला मैलाचा दगड. जुन्या गाण्यांच्या वापरलेल्या तुकड्यांच्या हक्कांचा घोळ सुटेना, म्हणून तो मार्च २०२३ पर्यंत ऐकण्याच्या कुठल्याही मोठ्या ॲपवर नव्हता. एक आख्खी पिढी त्याच्याविना वाढली. ज्या ग्रंथालयांकडे त्याची तबकडी होती, त्यांच्या सभासदांचं काही अडलं नाही. शिवाय ॲप पुढे सरकवतं ते गाणं, आणि तेही आधीच्या गाण्यासारखंच. रॅपमधला विचार पुष्कळदा गाण्यात मावत नाही. पहिल्या गाण्यातली फुशारकी सातव्या गाण्यात भीती होऊन परत येते, आणि हे कळायला अल्बम क्रमानं ऐकावा लागतो. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’नं जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तेव्हा २००२ च्या पहिल्याच यादीत ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचं ‘द मेसेज’ हे १९८२ चं गाणं घेतलं. जगातल्या एका सर्वांत मोठ्या ग्रंथालयाला ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात आपल्याला वाटावा?

मग घ्यायचं काय? पब्लिक एनिमीचा १९८८ चा ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’ पहिल्या ओळीत हवा. त्यात माल्कम एक्सच्या आवाजाचे तुकडे आहेत, भोंग्यासारखे किंचाळणारे आवाज आहेत, आणि ब्लॅक पँथरांच्या राजकारणाचा वारसा उघडपणे सांगितलेला आहे. ढसाळांच्या दलित पँथरनं १९७२ मध्ये नाव घेतलं ते त्याच ब्लॅक पँथरवरून. तेव्हा हा अल्बम ‘गोलपिठा’च्या शेजारी ठेवावा, परकेपणाचा आक्षेप त्या शेजारानंच गळून पडेल. नॅसचा ‘इलमॅटिक’ १९९४ चा. तो निघाला तेव्हा नॅस वीस वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी चाळवजा वसाहतीबद्दल तो बोलतो, आणि एका गाण्यात त्याचे वडील, जॅझवादक ओलू दारा, कॉर्नेट वाजवतात. लॉरिन हिलचा १९९८ चा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ बाईच्या बाजूनं बोलतो आणि गाण्यांच्या मधेमधे वर्गात मुलांशी प्रेमाबद्दल चाललेल्या गप्पा ऐकवतो. १९९९ मध्ये ग्रॅमीचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान त्याला मिळाला. केंड्रिक लमारच्या ‘डॅम’ला २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं. तोवर तो मान शास्त्रीय आणि जॅझ रचनांपलीकडे गेलेला नव्हता. लमार मला त्याहून ‘टू पिंप अ बटरफ्लाय’मध्ये मोठा वाटतो, तेव्हा पैसे एकाचेच असतील तर तो घ्यावा.

देशातल्यांत प्रभ दीपचा २०१७ चा ‘क्लास-सिख’ मी सर्वांत वर ठेवीन. तो पंजाबीतला आहे, दिल्लीच्या टिळकनगरचा आहे. १९८४ च्या हत्याकांडात विधवा झालेल्या शीख स्त्रियांना घरं दिली गेली ती वसाहत त्याच भागात. डिव्हाइनचा ‘कोहिनूर’ २०१९ चा. ‘गली बॉय’च्या गाजावाजानंतर आलेला हा अल्बम त्या चित्रपटापेक्षा मुंबईच्या जास्त जवळचा आहे, पण असमान आहे. मराठीपाशी मात्र अडखळायला होतं. मराठी रॅप जोरात आहे, इतका की २०२३ मध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोघांवर राजकीय रॅपमुळे गुन्हे दाखल झाले. पोलिसांनी ज्याची नोंद घेतली त्याची ग्रंथालयांनी घेतली नाही, ही टिप्पणी मी जाता जाता करतो. पण हे बळ सुट्या गाण्यांत विखुरलेलं आहे; ‘इलमॅटिक’शेजारी निःशंकपणे ठेवावा असा पूर्ण मराठी अल्बम मला सांगता येत नाही. म्हणून इथे अल्बमचा हट्ट सोडून ‘स्वदेशी’ या मुंबईच्या गटाचं २०१९ चं ‘द वारली रिव्होल्ट’ घ्यावं. आरेच्या जंगलासाठी लढणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात आहेत. शेजारी गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ असलं की वारल्यांचा १९४५ चा उठाव आणि आजचा आरे एकाच फळीवर येतात.

खर्चाची आणि कायद्याची अडचण सांगितली जाईल. ड वर्गाच्या ग्रंथालयाचं अनुदान तुटपुंजं असतं, मान्य. पण सहा-सात अल्बम म्हणजे काही दिवाळी अंकांइतकाच खर्च. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार, नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळानं किंवा तत्सम संस्थेनं आपल्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवणं हा भंग ठरत नाही. ॲपच्या अटी वेगळ्या असतात, म्हणून विकत घेतलेली प्रत वापरावी. अल्बमसोबत एक वही ठेवावी: साल, गाव, कलावंत, कुठल्या गाण्यात काय आहे, कोणत्या वयाला योग्य, आणि कठीण शब्दांचे अर्थ मराठीत. ही वही वाचक मुलांकडूनच लिहून घ्यावी. ती त्यांना आपल्यापेक्षा चांगली जमेल. ग्रंथनिवड समितीनं यंदाच्या खरेदीत निदान ‘इलमॅटिक’ घ्यावा आणि एका रविवारी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवावा. तो चाळीस मिनिटांत संपतो. उरलेला वेळ भांडायला ठेवावा.